न पाहिलेल्या चार ओळी

थूल सरांनी मला अकरावीत दोनदा नापास केलं. वार्षिकला पास झाले ती त्यांची मेहेरबानी नव्हती, मी रडत रडत तीनशे गणितं सोडवली होती. आज पुलगावला त्यांच्याच जागी मी गणित शिकवते, आणि पोट्टे माझ्यामागे मला काय काय म्हणतात तेही मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा सरांबद्दल मी गोड गोड काही सांगीन अशी आशा ठेवू नका. माणूस हट्टी. इतका हट्टी की चार वर्षं पोटच्या पोराशी बोलला नाही, आणि त्या चार वर्षांत एक दिवस असा गेला नसेल की त्याची आठवण काढली नाही.

हरिदास थूल, राहणार नाचणगाव. वडील पुलगावच्या गिरणीत गठ्ठे वाहायचे. घरातला पहिला मॅट्रिक हाच, पहिला एम.एस्सी. पण हाच. नागपूरला बँकेत नोकरी लागली होती, ती सहा महिन्यांत सोडून गावी परत आले. कायले, तर आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना गणित शिकवायला कोणी नाही म्हणून. बत्तीस वर्षं शिकवलं. सकाळी सायकलवर पुलगाव, संध्याकाळी घरच्या बैठकीत फुकट शिकवणी. भिंतीवर बुद्धाचा अन बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली काळा फळा. सरांच्या बायको मीराकाकू चहाच्या कपांचा ट्रे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, आधी चहा प्या लेकरांनो, मंग रडा.

त्या फळ्यावर सर तिरकं लंबवर्तुळ काढायचे. सरळ आडवं लंबवर्तुळ पुस्तकात असतंच. हे कलंडलेलं, कोणी उशी कोपऱ्यावर उभी करून सोडून द्यावी तसं, ते पुस्तकात नव्हतं. पण सर ते शिकवायचेच. समीकरणात एक्स आणि वायचा गुणाकार दिसला की समजायचं, आकृती कलंडली. मग आकृतीला हात लावायचा नाही, अक्ष फिरवायचे. किती अंशांतून फिरवायचे ते काढलं की तीच आकृती शहाण्यासारखी सरळ बसते. हे परीक्षेत येत नाही सर, असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, परीक्षेत तं तू बी अर्ध्या वेळा येत नाई.

त्यांचा एकुलता एक मुलगा अश्वजित माझ्याच वर्गात, माझ्या मागच्या बाकावर. मास्तरचा पोरगा म्हणून त्याला सूट नव्हती, उलट दुप्पट मार. बारावीत एकदा सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं: पाच एक्स वर्ग, उणे सहा एक्सवाय, अधिक पाच वाय वर्ग, बरोबर बत्तीस. अश्वजितला उठवलं. त्याने अक्ष बरोबर फिरवले, पण शेवटी एक उणे चिन्ह खाल्लं आणि लंबवर्तुळ उलट्या बाजूला कलंडलं. सरांनी त्याला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं. तो खिडकीतून आत बघून उरलेलं गणित मनातल्या मनात सोडवत होता, त्याचे ओठ हलताना मला दिसत होते.

पुढे तो इंजिनियर झाला आणि शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला गेला. सरांनी साऱ्या मोहल्ल्याला सांगितलं होतं, दोन वर्षं, मग परत. इथं येऊन पोरांना शिकवणार. मी परत आलो तसाच तो येणार. यात शंका घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. दोन वर्षांची चार झाली. चौथ्या वर्षी डिसेंबरात अश्वजित दहा दिवसांसाठी घरी आला. दोन दिवस घर माणसांनी भरून गेलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याने सांगितलं की शिक्षण संपलं, तिकडंच नोकरी घेतली आहे. सरांनी ताटातच हात धुतला. "मंग इथं कायले आला?" एवढंच म्हणाले, आणि उरलेले सात दिवस त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

जायच्या सकाळी अश्वजितने सरांच्या टेबलावर एक यंत्र ठेवलं. टीव्हीच्या रिमोटच्या दुप्पट रुंद, वर छोटा पडदा, खाली पन्नासेक बटणं. आलेख काढणारं कॅलक्युलेटर. तिकडं शिकता शिकता तो पहिल्या वर्षाच्या पोरांना गणित शिकवायचा, तेव्हा वापरलेलं. बाबा, यात तुमच्यासाठी थोडं टाकून ठेवलं आहे, असं तो म्हणाला. सर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला नाही. अश्वजित गाडीत बसून गेला. सरांनी ते यंत्र उचलून कपाटात टाकलं, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली.

काकू मात्र दर रविवारी सकाळी नऊला स्वयंपाकघरात फोन लावायच्या. चेहरा दिसणारा फोन. सर तेव्हा बैठकीत. फोन झाला की आत जाऊन विचारायचे, कोणाचा होता? काकू म्हणायच्या, तुमच्या वैऱ्याचा.

चार वर्षं असंच चाललं. मग सर निवृत्त झाले. निवृत्त मास्तरासारखं वाईट जनावर नाही. घरात फिरायचे, काकूंच्या डब्यांची झाकणं बरोबर बसली आहेत का ते तपासायचे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते कापडी पिशवी घेऊन माझ्या दारात आले. पिशवीतून ते यंत्र काढलं आणि म्हणाले, मले येते हे, फक्त बटणं नवीन हायेत. माणसाचा तोरा पाहा. मी म्हटलं, बसा.

चार वर्षं पडून त्यातले सेल अजून तग धरून होते हेच नवल. सुरू केल्यावर पडद्यावर एकाखाली एक ओळी दिसल्या. या यंत्राला एक्स आणि वाय एकत्र मिसळलेलं समीकरण कळत नाही. त्याला फक्त 'वाय बरोबर अमुक' एवढंच कळतं. त्यामुळे तिरकं लंबवर्तुळ काढायचं तर त्याचे दोन तुकडे करावे लागतात. वर्गमुळाच्या आधी अधिक लावला की वरचा अर्धा भाग, उणे लावला की खालचा. दोन ओळी मिळून एक आकृती. मी बटण दाबत खाली गेले. दहाच्या दहा ओळी भरलेल्या होत्या, म्हणजे पाच आकृत्या. मी आणखी नीट वाचणार तेवढ्यात सरांनी माझा हात धरला. "थांब. पुढचं नको पाहू," ते म्हणाले. "त्यानं माह्यासाठी टाकलं हाय."

मी त्यांना पहिल्या दोन ओळी चालू करून दिल्या आणि आलेखाचं बटण दाखवलं. डावीकडून एक रेघ निघाली, कमान घेऊन उजवीकडं गेली. मग तिच्या खालून दुसरी. तिरकं लंबवर्तुळ. पण दोन्ही टोकांना रेघा एकमेकींना भिडेनात, बारीकशी फट राहिली.

"पाह्य," सर म्हणाले. "घाईत सोडलं. लहानपणापासूनची खोड हाय त्याची."

मला असा राग आला. मी म्हटलं, सर, मोजा ना आधी. हे टोक कुठं येतं? दहाच्या वर्गमुळावर. तीन पूर्णांक एक सहा दोन, आणि पुढे कधी न संपणारे आकडे. पडद्यावर ठिपके मोजके. यंत्र एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं आणि नेमकी ती जागा मध्ये सुटते. सरांनी माझ्याकडून कागद घेतला आणि दहा मिनिटं स्वतः मोजलं. माझ्यावर विश्वास ठेवतील तर ते थूल सर कसले!

मग म्हणाले, "म्हणजे पोराची चूक नाई."

नाही सर, मी म्हटलं.

त्या दोन ओळींवरून उलटं जात जात त्यांनी मूळ समीकरण काढलं. वर्ग केला, पदं एका बाजूला आणली. पाच एक्स वर्ग, उणे सहा एक्सवाय, अधिक पाच वाय वर्ग, बरोबर बत्तीस. सरांनी त्याच्याखाली रेघ ओढली. मग हळूच म्हणाले की या गणितासाठी मी त्याले बाहेर उभं केलतं. मी म्हटलं, ठाऊक आहे, मी वर्गात होते. तू काऊन नाई बोलली तेव्हा, असं मलाच विचारतात! मी म्हटलं, बोलले असते तर मलाही बाहेर काढलं असतं. त्यावर ते हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. अकरावीपासून आजपर्यंत मी हे कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सरांनी नियम केला. रविवारी नऊला, काकूंचा फोन लागला की बैठकीत यंत्र काढायचं. पुढच्या ओळी चुकूनही दिसू नयेत म्हणून पडद्यावर बसच्या तिकिटाचा तुकडा धरायचे. एक आकृती घ्यायची, तिचं समीकरण काढायचं, अक्ष किती फिरवले ते शोधायचं, आलेखाच्या कागदावर हाताने काढायची, आणि शेवटी बटण दाबून अश्वजितच्या आकृतीशी जुळते का पाहायचं. दुसरा निघाला हायपरबोला, दोन तोंडं फिरवून बसलेला. तिसरा पॅराबोला, एका अंगावर झोपलेला. मी पोहे खायला म्हणून रविवारी जायचे आणि बघत बसायचे. स्वयंपाकघरातून अश्वजितचा आवाज आला की सरांची पेन्सिल थांबायची. तो काय जेवला, त्याच्याकडं बर्फ पडला, त्याच्या दाढेला काय झालं, सगळं पेन्सिल थांबवून ऐकायचं. आणि मग आत जाऊन तोच प्रश्न, कोणाचा होता?

उठून दहा पावलं आत जायचं होतं हो. दहा पावलं! मी एकदा म्हटलंसुद्धा, सर, जा ना, बोला. ते म्हणाले, तो बोलला की मी बोलीन. मी म्हटलं, तो बोलला ना, हे काय टाकून गेला मग? त्यावर त्यांनी मला पोहे खाय म्हणून सांगितलं.

तीन आकृत्यांना मे उजाडला. शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या, म्हणजे दोन आकृत्या. पण सर पुढं सरकेनात. एका रविवारी तिसरीच परत काढली, दुसऱ्या रविवारी पहिली. मी विचारलं तर म्हणाले, घाई कायची हाय. मला वाटलं, म्हातारपण, थकले असतील.

तेवढ्यात पडदा फिका पडायला लागला. सरांनी मला पुलगावहून बारीक सेल आणायला सांगितले, चार. मी गुरुवारी विसरले. शुक्रवारी विसरले. शनिवारी तर दुकानासमोरून गेले आणि विसरले. पेपर तपासायचे होते, डोक्यात नुसते गुण. हे मी लपवत नाही, माझी चूक आहे.

रविवारी सकाळी साडेआठला सेल घेऊन पोचले तेव्हा बैठकीत सर यंत्र हातात धरून बसले होते आणि काकू दारात उभ्या होत्या. आमच्याकडं मे महिन्यात कोणाच्याही घरी जा, गच्चीच्या कठड्यावर सेल उन्हात टाकलेले दिसतील. रिमोटचे, घड्याळाचे, टॉर्चचे. ऊन खाल्लं की पुन्हा चार दिवस चालतात म्हणे. सर डोळे बारीक करून पडद्याकडं बघतात हे काकूंना पाहवत नव्हतं. त्यांनी शनिवारी दुपारी त्या यंत्राचे चारही सेल काढून कठड्यावर मांडले, संध्याकाळी आणून परत बसवले. यंत्राच्या पोटात बटणाएवढं आणखी एक सेल असतं, मोठे काढले तरी आतलं सांभाळून ठेवायला. ते कधीच मेलं होतं. मला हे नंतर कळलं.

मी नवे सेल घातले. पडदा लख्ख दिसायला लागला. एक ते दहा आकडे, प्रत्येकापुढं बरोबरचं चिन्ह, आणि त्याच्यापुढं काही नाही.

मी घाईघाईने म्हटलं, सर, तीन आकृत्या तुमच्या वहीत आहेत, मी आत्ता टाकून देते. ते म्हणाले, राहू दे. ते तुया हातचं होईन. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मला तो फळ्यासमोरचा माणूस हाच का, असं झालं. ते काकूंवर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडल्या त्या काकूच.

"घड्याळाचे सेल काढले तं घड्याळ पुसते का? रिमोट पुसते का? मले काय ठाऊक याचं पुसते म्हणून," काकू म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना, पण बोलणंही थांबेना. "चार महिने त्या डबड्यासोबत बोलून राह्यले. पोरगा तं आत फोनवर होता ना. त्यानं काय टाकलतं ते त्याले विचारा. नऊ वाजले, चला."

त्यांनी फोन लावला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला. सर उठले. यंत्र हातात तसंच घेऊन आत गेले. मी दारातच थांबले. अश्वजितचा चेहरा आला, आई म्हणणार तेवढ्यात त्याला सर दिसले. डोक्यावरचे केस विरळ झाले होते त्याचे. हे आम्हाला फोनमध्ये दिसत होतंच, पण सरांनी पहिल्यांदा पाहिलं.

कसा आहेस नाही, बरा आहेस का नाही. सर म्हणाले, "तुया यंत्रातलं पुसलं गेलं. शेवटच्या चार ओळीत काय होतं?"

"तुम्ही पाह्यलं ते?" अश्वजितने विचारलं.

"सहा ओळी पाह्यल्या. चार राह्यल्या. काय होतं सांग."

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. मग मान हलवली. "मले नाई आठवत, बाबा. तुम्ही कधी पाहान असं वाटलंच नाई, म्हणून मी बी कुठं लिहून नाई ठेवलं." मग म्हणाला, "पण सहा पाह्यल्या तं चार काऊन नाई पाह्यल्या? तुमच्यासाठी एका दिवसाचं काम होतं."

सरांनी यंत्र ओट्यावर ठेवलं.

"उरवून ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "पाह्यल्या असत्या तं संपल्या असत्या. मंग तुयं काय राह्यलं असतं माह्यापाशी?"

काकूंनी उगाच गॅस बंद केला, गॅसवर काही नव्हतं. पलीकडं अश्वजितने फोन खाली ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं त्याच्या खोलीचं छत दिसत होतं. नाक ओढल्याचा आवाज येत होता. सर त्या छताकडं बघत उभे राहिले, आणि मग चार वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कधी येतो, बापू?"

अश्वजित परत समोर आला. त्याने सांगितलं की तिकडं राहण्याच्या कागदांचं नूतनीकरण अडकलं आहे. आता देश सोडला तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. काकूंना हे ठाऊक होतं, पण सरांनी विचारलंच नाही तर सांगायचं कोणाला?

"दोन वर्षांआधी येता येत होतं, बाबा," तो म्हणाला. "तिकीट काढून ठेवलतं मी. तुम्ही बोलवलं नाई."

"बोलवून राह्यलो ना आता."

"आता येता येत नाई."

सरांनी मान हलवली. वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी.

याला वर्ष झालं. आता रविवारी नऊला फोन सर लावतात, आणि पहिला प्रश्न तोच असतो, कधी येतो. तो म्हणतो, कागद आले की. सर म्हणतात बरं, आणि फोन काकूंच्या हातात देतात. मला कधीकधी इतका राग येतो की म्हणावं, सर, हेच त्याने तिकीट काढलं होतं तेव्हा विचारलं असतं तर? जिभेवर येतं, पण मी म्हणत नाही. त्यांना ते माझ्याहून जास्त ठाऊक आहे.